इंडोनेशियाचा बीच व्हॉलीबॉलपटू: घडतो कुठे, खेळतो कुणासाठी, कमावतो काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आशियाई स्पर्धा जवळ आल्या की हे प्रश्न हमखास येतात. काही नवख्यांचे असतात, काही चांगलेच कसलेल्या प्रेक्षकांचे. सोपे आधी घेतले आहेत, किचकट शेवटी. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंडोनेशिया म्हटलं की बॅडमिंटन. तिथे बीच व्हॉलीबॉल कुणी खेळतं का?

खेळतात, आणि आशियात पदक मिळवण्याइतकं चांगलं खेळतात. बॅडमिंटनची पदकं ऑलिंपिकमध्ये येतात म्हणून ती आपल्या पेपरात छापून येतात, एवढंच. व्हॉलीबॉल हा तिथे गावागावातला खेळ आहे. डच काळात आला, शाळांतून आणि सैन्यातून पसरला आणि जावाच्या खेड्यांत रुजला. वाळूवरच्या प्रकाराला तिथे 'वोली पासिर' म्हणतात. बंदिस्त कोर्टावरचा खेळ आणि वाळूवरचा खेळ या दोन्हींचा कारभार एकाच राष्ट्रीय संघटनेकडे आहे. तिचं नाव पीबीव्हीएसआय, स्थापना २२ जानेवारी १९५५. दोन्ही खेळ एकाच छपराखाली असल्याचा खेळाडूला फायदाही होतो आणि तोटाही. तो भाग प्रश्न ७ मध्ये.

२. नाव घेण्यासारखे खेळाडू कोण?

पुरुषांत आदे चंद्रा रख्मावान, मोहम्मद अश्फिया, गिलांग रमादान आणि दानांगश्याह युदिस्तिरा प्रिबादी. महिलांत धिता जुलियाना, पुतु दिनी जसिता उतामी आणि देसी रत्नसारी. यांच्या आधीच्या पिढीत आंडी आर्दियांश्याह आणि कोको प्रसेत्यो दारकुंचोरो ही जोडी आग्नेय आशियात गाजली. त्याही मागे गेलात तर १९९६ च्या ऑलिंपिकला गेलेल्या दोघी भेटतात, त्यांच्याबद्दल प्रश्न ११ मध्ये.

३. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नेमकं काय झालं? कुणी म्हणतं रौप्य, कुणी म्हणतं कांस्य.

दोन्ही खरं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आशियाई स्पर्धा जकार्ता आणि पालेम्बांग अशा दोन शहरांत झाल्या, आणि बीच व्हॉलीबॉल पालेम्बांगच्या जाकाबारिंग क्रीडानगरीत होतं. पुरुषांत इंडोनेशियाच्या दोन जोड्या उतरल्या आणि दोन्ही पदक घेऊन परतल्या. आदे चंद्रा आणि अश्फिया यांना रौप्य, गिलांग आणि दानांगश्याह यांना कांस्य. महिलांत धिता आणि पुतु दिनी यांना कांस्य मिळालं. तिथे सुवर्ण चीनच्या वांग फान आणि शिया शिन्यी यांनी नेलं, रौप्य जपानच्या जोडीने.

घरच्या मैदानावर अंतिम सामना हरले म्हणून आदे-अश्फिया यांच्यावर थोडी हळहळ व्यक्त होते. मला ती पटत नाही. समोर कतारचे शेरीफ युनूस आणि अहमद तिजान होते. एक जन्माने सेनेगलचा, दुसरा गाम्बियाचा. याच जोडीने तीन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं आणि पुढे जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांकही गाठला. अशा जोडीकडून अंतिम सामन्यात हरणं ही नामुष्की कशी होईल? खरं तर त्या स्पर्धेत व्यासपीठावर उभ्या असलेल्या सहा पुरुषांपैकी चार इंडोनेशियाचे होते. बातम्यांत त्याला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही, कारण यजमानांना त्या स्पर्धेत एकूण ९८ पदकं मिळाली आणि ३१ सुवर्णांच्या गलबल्यात रौप्याची कोण दखल घेणार!

४. पालेम्बांगला समुद्रकिनारा आहे का?

नाही. पालेम्बांग मुसी नदीकाठचं शहर आहे आणि समुद्र तिथून बराच लांब आहे. जाकाबारिंगची कोर्टं आणलेल्या वाळूची आहेत. यात वावगं काही नाही, जगातल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा शहरातच वाळू टाकून होतात. वाळू निदान ४० सेंटिमीटर खोल, चाळलेली आणि दगड-शिंपल्यांशिवायची हवी, एवढी अट असते. किनारा असलाच पाहिजे असं नियमांत कुठेही नाही. तिथे जायचं असेल तर २०१८ च्या स्पर्धेसाठी सुरू झालेली एलआरटी (हलकी मेट्रो) गाडी शहरातून जाकाबारिंगपर्यंत जाते.

५. एखादी मुलगी किंवा मुलगा या खेळात येतो तो कसा? पायऱ्या कोणत्या?

सुरुवात बहुतेकदा बंदिस्त किंवा मातीच्या कोर्टावरच होते. शाळेतला किंवा गावातला संघ, मग जिल्ह्याचा क्लब. उंची बरी आणि हात चांगला दिसला की प्रांताच्या विद्यार्थी प्रशिक्षण केंद्रात निवड होते. याला तिथे 'पीपीएलपी' म्हणतात. राहणं, जेवण, शाळा आणि सराव एकत्र, म्हणजे आपल्या क्रीडा प्रबोधिनीसारखीच व्यवस्था. तिथून शालेय राष्ट्रीय स्पर्धा 'पोपनास', मग प्रांताच्या वरिष्ठ संघातून राष्ट्रीय स्पर्धा 'पोन' (प्रश्न ६), आणि त्यात चमकलेल्यांना राष्ट्रीय शिबिर. या शिबिराला सगळे 'पेलातनास' म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात हा शब्द सतत येतो: पेलातनासमध्ये आहे, पेलातनासमधून घरी पाठवलं, पेलातनास यंदा उशिरा लागलं.

उशिरा लागणं ही मोठी अडचण आहे. शिबिर वर्षभर चालेलच याची खात्री नसते. आशियाई किंवा आग्नेय आशियाई स्पर्धेच्या तारखा आणि सरकारी निधी यांवर ते उघडतं आणि बंद होतं. शिबिर मिटलं की खेळाडू आपापल्या प्रांतात परततो आणि जोडीदार दुसऱ्या बेटावर असतो. मग सराव एकत्र होणार कसा?

६. 'पोन'मधलं पदक एवढं मोठं का मानतात? ती तर देशांतर्गत स्पर्धा आहे.

या एका प्रश्नाचं उत्तर कळलं की इंडोनेशियन खेळाडूचं अख्खं करिअर कळतं. पोन म्हणजे राष्ट्रीय क्रीडा सप्ताह, दर चार वर्षांनी. पहिली स्पर्धा १९४८ मध्ये सुराकार्तात झाली, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना. ९ सप्टेंबर हा तिच्या उद्घाटनाचा दिवस आजही राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळतात. अलीकडच्या स्पर्धा २०१६ मध्ये पश्चिम जावा, २०२१ मध्ये पापुआ (कोविडमुळे वर्षभर उशिरा) आणि २०२४ मध्ये आचे व उत्तर सुमात्रा इथे झाल्या.

पोनमध्ये खेळाडू प्रांतासाठी खेळतो आणि प्रांताचं सरकार पदकाला पैसे देतं. गव्हर्नरची प्रतिष्ठा पदकतक्त्याला बांधलेली असते. तिजोरी भरलेले प्रांत मोठी बक्षिसं जाहीर करतात, कधी नोकरीही. त्यामुळे चांगला खेळाडू दुसऱ्या प्रांताने पळवण्याचे प्रकार होतात. या बदलीला 'मुतासी' म्हणतात. तिला मुदतीचे आणि ना-हरकतीचे नियम आहेत आणि दर पोनच्या आधी त्यावरून भांडणं होतात. ती सोडवायला क्रीडा लवाद आहे.

परिणाम असा की जागतिक क्रमवारीत कधीच न दिसणारा खेळाडू तीन पोन खेळून घर बांधू शकतो. परदेशातल्या छोट्या स्पर्धांत रँकिंगच्या मागे धावणारा खेळाडू मात्र खिशाला खार लावून घरी येतो. म्हणून केवळ आंतरराष्ट्रीय निकाल पाहून 'हा दोन वर्षं कुठे गायब होता' असं विचारू नका. बहुधा तो आपल्या प्रांतासाठी पोनची पात्रता फेरी खेळत होता.

७. बंदिस्त कोर्टावरचा चांगला खेळाडू वाळूवर चालतो का? दोन्ही खेळता येतं का?

चालतो, पण लगेच नाही. कोर्ट ९ ऐवजी ८ मीटर रुंद आणि प्रत्येक बाजूला ८ मीटर लांब. जाळी तेवढीच उंच: पुरुषांना २.४३ मीटर, महिलांना २.२४. पण सहा जणांचं काम दोघांनी करायचं. चेंडूत हवा कमी असते, त्यामुळे वाऱ्यात तो जास्त भरकटतो. ब्लॉकला लागलेला चेंडू तीन स्पर्शांपैकी एक धरला जातो, बंदिस्त खेळात धरत नाहीत. बोटांच्या टोकांनी चेंडू अलगद पलीकडे टाकणं चालत नाही, त्यामुळे बंदिस्त कोर्टावरच्या चलाख खेळाडूचा अर्धा पत्ता इथे कट होतो.

आणि उडी. वाळू पाय गिळते. पहिल्या महिन्यात बंदिस्त कोर्टावरचा खेळाडू चेंडूखाली अर्ध्या पावलाने उशिरा पोचतो, आणि वर पोचतो तेव्हा चेंडू खाली यायला लागलेला असतो.

प्रत्यक्ष खेळ पाहताना सर्व्हिसच्या आधी जाळीजवळच्या खेळाडूच्या पाठीकडे बघा. तो मागे हात धरून जोडीदाराला बोटं दाखवत असतो. एक बोट म्हणजे मी रेषेकडची बाजू अडवतो, दोन बोटं म्हणजे तिरकी बाजू, मिटलेली मूठ म्हणजे ब्लॉकला उडी मारणार नाही. डावा हात डावीकडच्या हल्लेखोरासाठी, उजवा उजवीकडच्यासाठी. नवीन जोडीत गडबड व्हायला लागली की आधी इथेच होते: एक जण रेषा सोडतो आणि दुसराही रेषा सोडून पळतो.

दोन्ही खेळण्याचा मोह मात्र पैशाचा असतो. बंदिस्त खेळाची व्यावसायिक लीग 'प्रोलिगा' २००२ पासून चालू आहे. तिथे करार होतात, टीव्हीवर चेहरा दिसतो. वाळूवर तशी लीग नाही. त्यामुळे उंच आणि हुशार पोरगा संघटनेलाही आधी कुठे हवा असतो, हे वेगळं सांगायला नको.

८. कमाई किती होते?

आकडा खेळाडूगणिक बदलतो, पण पैसा कुठून येतो ते सांगता येतं. प्रांताचा मासिक भत्ता, शिबिरात असताना केंद्राचा भत्ता, पदकाचं बक्षीस, आणि नोकरी. २०१८ मध्ये वैयक्तिक सुवर्णाला सरकारने १५० कोटी रुपिया दिले, म्हणजे तेव्हाचे आपले साधारण सत्तर लाख रुपये. जोडी आणि संघाच्या पदकाला माणशी रक्कम कमी, आणि रौप्य-कांस्याला त्याहून बरीच कमी. पण पदकविजेत्यांना सरकारी नोकरीची दारंही उघडली, आणि बीच व्हॉलीबॉलपटूच्या घरच्यांना त्याचं मोल रोख रकमेपेक्षा जास्त वाटतं. पोनच्या बक्षिसांबद्दल प्रश्न ६ पाहा.

याशिवाय 'तारकाम'. गावागावांतल्या रात्रीच्या स्पर्धा, दिव्यांच्या झगमगाटात, मैदानाभोवती तळणीच्या गाड्या आणि लाउडस्पीकरवर कॉमेंट्री. आयोजक बाहेरून नावाजलेले खेळाडू सामन्यामागे ठरावीक पैसे देऊन आणतात. बहुतेक सामने सहा-सहांचे आणि सिमेंट किंवा मातीवरचे. गुडघ्याला ते काही चांगलं नाही आणि प्रशिक्षकांना तर मुळीच आवडत नाही, पण भत्ता लांबला की खेळाडू तिकडे वळतो. दोष कुणाला द्यायचा?

९. 'फ्युचर्स', 'चॅलेंज', 'एलिट १६' ही काय भानगड? इंडोनेशियाचे खेळाडू यात का दिसत नाहीत?

२०२२ पासून जागतिक दौऱ्याच्या या तीन पायऱ्या आहेत. फ्युचर्स सर्वांत खालची, एलिट १६ सर्वांत वरची. त्याआधी एक ते पाच तारे अशी रचना होती. इंडोनेशियाच्या जोड्या फ्युचर्समध्ये आणि आशियातल्या स्पर्धांत दिसतात, वर क्वचित. कारण साधं आहे: वर जायला गुण लागतात, गुणांसाठी युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या स्पर्धा सलग खेळाव्या लागतात, आणि खालच्या पायरीवरचं बक्षीस इतकं तोकडं असतं की विमानाचं तिकीटही निघत नाही.

१०. जोडी कोण ठरवतं? आणि जोडी फुटली तर आधीचे गुण कुणाचे?

युरोप-अमेरिकेत खेळाडू स्वतःच जोडीदार निवडतात. इंडोनेशियात राष्ट्रीय जोडी मुख्यतः शिबिरातले प्रशिक्षक ठरवतात, प्रांताची जोडी प्रांताचे. त्यामुळे पोनमध्ये जाळीच्या दोन बाजूंना उभे असलेले दोघे आशियाई स्पर्धेत एकाच बाजूला, असं सहज घडतं.

गुणांचं म्हणाल तर जागतिक दौऱ्यात ते खेळाडूच्या नावावर जमा होतात आणि स्पर्धेच्या प्रवेशासाठी दोघांच्या गुणांची बेरीज धरतात. म्हणजे जोडी फुटली तरी प्रत्येक जण आपली शिदोरी घेऊन जातो. ऑलिंपिकच्या पात्रता क्रमवारीत मात्र हे चालत नाही, तिथे दोघांनी एकत्र खेळलेल्या स्पर्धाच मोजतात. पॅरिससाठी जोडीचे सर्वोत्तम बारा निकाल धरले होते. ऐन पात्रतेच्या काळात जोडीदार बदलला की शून्यापासून सुरुवात.

११. इंडोनेशियाची जोडी ऑलिंपिकला कधी गेली आहे का?

गेली आहे. बीच व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते १९९६ मध्ये, अटलांटाला, आणि त्या पहिल्याच वर्षी एंगेल बेर्ता काइझे आणि तिमी युधानी रहायू ही इंडोनेशियन महिलांची जोडी तिथे खेळली. आपल्याकडे हे कुणालाच ठाऊक नसतं, तिथेही फारसं आठवलं जात नाही.

आता वाट अरुंद आहे. ऑलिंपिकला प्रत्येक गटात २४ जोड्या. पॅरिसला त्यातल्या १७ क्रमवारीवरून आल्या, पाच खंडांच्या चषकांतून पाच, एक जगज्जेती आणि एक यजमान. क्रमवारीची वाट का बंद ते प्रश्न ९ मध्ये आलं. राहिला आशियाचा खंडीय चषक, आणि तिथे एका जागेसाठी चीन, जपान, ऑस्ट्रेलिया, कतार, इराण, थायलंड असे सगळे भिडतात. आशियाच्या व्हॉलीबॉल महासंघात ऑस्ट्रेलियाही येतं, हे अनेक जण विसरतात. टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे इंडोनेशियाची जोडी नव्हती.

इथला एक बारकावा वारंवार चुकीचा छापला जातो. खंडीय चषकात मिळणारी जागा देशाची असते, ती जिंकून देणाऱ्या जोडीची नाही. कोणाला पाठवायचं ते देश ठरवतो.

१२. महिला खेळाडूंना बिकिनी घालावीच लागते का? मुस्लीमबहुल देशात हे कसं चालतं?

लागत नाही. मार्च २०१२ मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या आधी, आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलून अर्धी पँट आणि बाह्यांचे टॉप यांना परवानगी दिली. २०१६ मध्ये रिओला इजिप्तची दुआ अल्गोबाशी हिजाब आणि पूर्ण पायघोळ पोशाखात खेळली. इंडोनेशियात खेळाडू पाहाल तशा दिसतील: कुणी आखूड कपड्यांत, कुणी घट्ट लांब पँटमध्ये, कुणी डोकं झाकून. नियम एवढाच की जोडीतल्या दोघींचा पोशाख एकमेकींशी जुळता हवा.

१३. चंद्रा, युदिस्तिरा, रत्नसारी… ही नावं आपल्याकडची कशी?

जावा आणि बालीत संस्कृत नावं धर्म न पाहता ठेवतात. चामड्याच्या बाहुल्यांच्या 'वायांग' खेळातून महाभारत तिथे घराघरात आहे, त्यामुळे युधिष्ठिर हे नाव मुलाला ठेवण्यात कुणाला काही खटकत नाही. पुतु हे बालीतलं पहिल्या अपत्याचं नाव. मात्र अनेकांना आडनाव नसतंच, त्यामुळे शेवटचा शब्द आडनाव समजून शोधलंत तर निकाल सापडणार नाहीत. देसी रत्नसारी शोधताना त्याच नावाची गायिका-अभिनेत्री आणि खासदार समोर येईल, आणि गिलांग रमादान शोधताना प्रसिद्ध ड्रमवादक. नावासोबत 'वोली पासिर' जोडा.

१४. सी गेम्समध्ये (आग्नेय आशियाई स्पर्धेत) २०१९ चं पुरुषांचं एकच सुवर्ण चौघांच्या नावावर कसं?

कारण ती स्पर्धा सांघिक होती. फिलिपीन्समध्ये सुबिकला देशागणिक दोन जोड्या उतरल्या. दोन्ही सामने जिंकले तर प्रश्न मिटला, १-१ झालं तर निर्णायक 'गोल्डन मॅच'. आदे, अश्फिया, गिलांग, दानांगश्याह, म्हणजे पालेम्बांगचे दोन प्रतिस्पर्धी संघ, इथे एक संघ झाले आणि थायलंडला मागे टाकून सुवर्ण जिंकले. व्हिएतनाममधल्या पुढच्या स्पर्धेतही इंडोनेशियाच्या पुरुषांनी ते राखलं. ही स्पर्धा नावाने २०२१ ची, पण झाली मे २०२२ मध्ये. नोंदी तपासताना वर्षाचा गोंधळ होतो तो इथे.

१५. मग त्याआधीच्या सी गेम्समध्ये ही मंडळी काय करत होती?

खेळायला स्पर्धाच नव्हती. सी गेम्समध्ये कोणते खेळ घ्यायचे यात यजमानांचा शब्द मोठा असतो, आणि २०११ नंतर बीच व्हॉलीबॉल थेट २०१९ मध्ये परतलं. मधल्या आठ वर्षांत ज्यांची ऐन उमेद होती त्यांच्या खात्यात सी गेम्सचं पदक कमी दिसतं ते त्यामुळे. दोन पिढ्यांची पदकं शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी आधी हे बघावं.

१६. चीनमधल्या हांगझोउला पदक का नाही मिळालं?

२०२३ मध्ये झालेल्या त्या आशियाई स्पर्धेत पुरुषांत कतारने सुवर्ण राखलं, चीनला रौप्य, इराणला कांस्य. महिलांत चीन, जपान, थायलंड. २०१८ ला घरची वाळू आणि यजमान म्हणून मिळालेली लांब तयारी होती, हे मान्य करायला हवं. बिंतांग अकबर, सोफ्यान रहमान एफेंदी ही पुढची फळी तेव्हा नुकती पुढे येत होती.

१७. भारताच्या जोड्या त्यांच्यासमोर का क्वचितच येतात?

आशियाच्या महासंघात पाच विभाग आहेत. इंडोनेशिया आग्नेय विभागात, भारत मध्य विभागात, इराण आणि कझाकस्तानबरोबर. विभागीय फेऱ्या वेगळ्या होतात, त्यामुळे गाठ पडलीच तर अख्ख्या आशियाच्या स्पर्धेत.

१८. स्पर्धा चालू असताना जोडीतला एक जण जखमी झाला तर दुसरा खेळाडू घेता येतो का?

नाही. बीच व्हॉलीबॉलमध्ये बदली खेळाडू नाही. सावरायला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात उभं राहता आलं नाही तर जोडी अपूर्ण ठरते, सामना समोरच्यांना जातो आणि तोवर मिळवलेले गुण-सेट तुमच्या खात्यात राहतात. सांघिक प्रकारात (प्रश्न १४) तोटा थोडा कमी: एक जोडी बाद झाली तरी दुसरीचा सामना जिवंत असतो, आणि ती जिंकली की हिशेब १-१ होऊन गोल्डन मॅचवर जातो.